लेकीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी ख्रिस्ती विद्यापीठात पाठवावं का?

धागादोरा:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. थोरल्या लेकीची यंदा बारावी झाली. सीईटीचे पर्सेंटाइल बरे आहेत, पण पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजची स्वप्नं पडावीत एवढे नाहीत. मैत्रिणींच्या नादानं तिनं दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती अभिमत विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. आता रोज फोन येतोय, पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरा म्हणून.

घरात दोन तट आहेत. आमची आई म्हणते, पोरगी हातची जाईल, गळ्यात क्रॉस घालून येईल. आमच्या मंडळींचं, म्हणजे बायकोचं म्हणणं, फादर-सिस्टरांच्या संस्थेत शिस्त असते, मुलीच्या जातीला ते बरं. लेकीचं म्हणणं तिसरंच, ते ती मला अर्धंच सांगते. मला स्वतःला धर्माची भीती नाही, पण तिथं नेमकं काय चालतं हे माहीत नसताना पैसे कसे भरायचे? कुणी शिकलेलं असेल तर अनुभव सांगा. राजकारण नको, एवढी विनंती.

पंचकट्टा:
राजकारण नको म्हणालात ना, आता धाग्याची शंभरी नक्की. मी शेंगा घेऊन बसलो.

मधला_मारुती:
वालचंद काय वाईट आहे? १९८३ पासून गावात कॉलेज आहे. घरचं जेवण, घरची झोप. पोरगी डोळ्यासमोर राहील.

सातरस्ता:
@मधला_मारुती, डोळ्यासमोर राहील हाच तिचा प्रॉब्लेम असेल बे.

वाडीजंक्शन:
धागादोरा काका, मी अशाच एका विद्यापीठातून कॉम्प्युटर केलंय. नाव सांगत नाही, कारण थोडं बरं आणि थोडं वाईट दोन्ही लिहिणार आहे.

आधी आजींच्या भीतीबद्दल. पहिल्या तासाला वर्गात मिनिटभर प्रार्थना असायची. आठवड्यातून एक तास मूल्यशिक्षणाचा, त्याला क्रेडिट होतं, म्हणून हजेरी लागायची. त्यात बायबलमधल्या गोष्टी यायच्या, पण वेळेचं नियोजन, व्यसनं, आईवडिलांशी कसं वागावं असलंच जास्त. रविवारची चर्चची प्रार्थना आमच्यासाठी ऐच्छिक होती. मी नाताळला दोनदा गेले, गाणी छान असतात आणि केक मिळतो. चार वर्षांत मला कुणी धर्म बदल म्हणालं नाही. रूमवर गणपतीचा फोटो होता, वॉर्डन सिस्टर तपासणीला आल्या की त्यांचं लक्ष त्या फोटोकडे नसायचं, गादीखाली लपवलेल्या इलेक्ट्रिक किटलीकडे असायचं.

आता त्रास. साडेआठला हॉस्टेलची हजेरी. बाहेर जायचं तर घरच्यांच्या नंबरावरून परवानगी. पहिल्या वर्षी रात्री लॅपटॉप ठराविक वेळेपर्यंतच, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीला! हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, मग ताप असो की बहिणीचं लग्न.

आणि रेकॉर्ड नोट. हा प्रकार आपल्याकडच्या जर्नलचा थोरला भाऊ. आधी ऑब्झर्वेशन नोटमध्ये प्रोग्रॅम हातानं लिहायचा, सही घ्यायची, मग लॅबमध्ये चालवून दाखवायचा, मग तोच प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरात रेकॉर्ड नोटमध्ये उतरवायचा, उजव्या पानावर कोड, डाव्या पानावर पेन्सिलनं आउटपुट. बायनरी सर्च ट्रीच्या फांद्या मी पट्टीनं काढल्यात. एकदा मार्जिन सोडला नाही म्हणून अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. तेव्हा रडले. पण कंपनीच्या मुलाखतीत कागदावर कोड लिही म्हणाले तेव्हा माझा हात थरथरला नाही, हेही खरं.

शेंगाचटणी:
@वाडीजंक्शन, जेवणाचं काय? मुख्य मुद्दा तोच आहे.

वाडीजंक्शन:
सकाळी सांबार, दुपारी सांबार, रात्री रसम. आई कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचे पुडे द्यायची. भाकरी पंधरा दिवस टिकायची, चटणी पहिल्या रात्री संपायची. केरळच्या मुली नुसती चटणी चमच्यानं खायच्या. सुट्ट्यांचं गणित मात्र उलटं. तमिळनाडूत दिवाळी एक दिवसाची, नरकचतुर्दशीला झाली की संपली, यायला-जायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. पण पोंगल म्हणजे आपली संक्रांत! त्यामुळे दिवाळी हुकायची आणि गड्डा, आपली संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, मात्र एकदाही चुकला नाही.

पंचकट्टा:
सिद्धरामेश्वरांची कृपा. विषय संपला, प्रवेश घ्या.

दगडी_पाटा:
सगळं गोड गोड चाललंय. फुकट कुणी काही देत नसतं. शाळा, दवाखाने काढायचे आणि हळूहळू ओढायचं, हे शंभर वर्षं चाललंय. आजींची भीती साधी नाही.

सातरस्ता:
फुकट? अहो, वर्षाला लाखांत फी घेतात ते. एवढे पैसे देऊन धर्म बदलायला कोण जाईल?

वसुधा_होटगीरोड:
@दगडी_पाटा, आमच्या सासूबाईंचं पोट मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कापलं होतं. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला दवाखाना. सोलापूर, सांगली, विजापूरची निम्मी म्हातारी माणसं तिथून बरी होऊन आली. सासूबाई पुढं तीस वर्षं एकादशी करत होत्या. तुमची शंका असू द्या, पण तिला पुरावा जोडा.

सदर_बझार:
मी सोलापूरचा मराठी ख्रिस्ती. पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. या धाग्यावर बहुतेक मी एकटाच असेन, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं, आम्हाला ख्रिस्ती विद्यापीठात दार उघडं असतं. बाबांनी चौकशी केली, फी ऐकली आणि फोन ठेवला. मी शिकलो आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. तिथं उद्घाटनाला सरस्वतीपूजन, नव्या लॅबला सत्यनारायण, आणि खंडेनवमीला सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार. एका वर्षी लॅब असिस्टंटनं हळदीकुंकू थेट कीबोर्डवर वाहिलं. एंटरचं बटन सेमिस्टरभर चिकटत होतं. मी प्रसादाचा शिरा खाल्ला, हार बांधायला स्टूल धरलं, आणि रविवारी चर्चला गेलो. मला कुणी ‘तुझा धर्म गेला का’ असं विचारलं नाही. काकांच्या लेकीला तिकडं मिनिटभर प्रार्थना ऐकावी लागेल, मला इकडं आरती ऐकावी लागली. डेटा स्ट्रक्चर दोन्हीकडं सारखंच अवघड जातं.

पूर्वभाग:
@सदर_बझार _/\_ एंटरच्या बटनावर फुटलो.

काळा_कोट:
कायद्याचं थोडं. राज्यघटनेचं कलम ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. त्याच घटनेचं कलम २८(३) सांगतं की शासनमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. मुलगी अठराची झाली असेल तर संमती तिची, तुमची नाही आणि आजींचीही नाही.

व्यवहारात काय होतं, तर प्रवेशाच्या वेळी वीस पानांचा फॉर्म पुढं करतात आणि आपण जिथं फुली तिथं सही करतो. त्यात ‘संस्थेच्या सर्व उपक्रमांत सहभागी होईन’ असं वाक्य असू शकतं. ते वाचा. मूल्यशिक्षण आणि उपासना यांत फरक आहे, तो फॉर्ममध्ये केलाय का ते बघा.

पंचकट्टा:
जिथं फुली तिथं सही. ख्रिस्ती संस्थेत फुली म्हणजे... जाऊ द्या, हलके घ्या.

सीईटीग्रस्त_बाप:
मंडळी, तुम्ही क्रॉसवर अडकलात. मला ‘अभिमत’ म्हणजे डीम्ड या शब्दाची भीती जास्त वाटते. दोन मुलींचे प्रवेश केलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

धागादोरा भाऊ, तुमचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का? आणि प्रवर्ग ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी आहे का? असेल तर २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार शंभर टक्के भरतं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. पण अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळली आहेत, आणि परराज्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे इथं शिक्षण शुल्क शून्य, तिथं चार वर्षांचे सगळे लाख तुमच्या खिशातून. फादर असोत की शेटजी.

दुसरं. ‘ख्रिस्ती’ आणि ‘विद्यापीठ’ या दोन गोष्टी सोडवून बघा. वहिनींना फादरांची शिस्त हवी असेल तर ती मुंबईतही आहे. वांद्र्याचं फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज कॉलेज १९८४ चं, वाशीत त्यांच्याच अ‍ॅग्नेल परिवाराचं, कुर्ल्यात डॉन बॉस्को, माहीमला झेवियर, बोरिवलीत सेंट फ्रान्सिस. ही सगळी ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजं, पण मुंबई विद्यापीठाला जोडलेली आणि कॅपमध्ये असलेली. अल्पसंख्याक कोट्याच्या ५१ टक्के जागा ख्रिस्ती मुलांना, त्यामुळे बाकीच्यांसाठी कटऑफ चढतो, वांद्र्याचा तर फारच. पण पर्याय यादीत टाकायला पैसे पडत नाहीत.

तिसरं आणि तातडीचं, त्या पंधरा दिवसांबद्दल. अभिमतवाले उन्हाळ्यातच जागा विकायला बसतात आणि आपली कॅप पावसाळा सरत येईपर्यंत चालते. मधल्या काळात घाबरलेला बाप हप्ता भरतो. यूजीसीचा परताव्याचा नियम छापून खिशात ठेवा. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी जागा सोडली तर पूर्ण फी परत, १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर भोपळा. पूर्ण परताव्यातूनही प्रक्रियेसाठी जास्तीत जास्त ५ हजार कापू शकतात. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून फोन आला की एकच विचारा, अंतिम तारीख कोणती, आणि ते ईमेलवर द्या. बघा, फोन कसा शांत होतो.

धागादोरा:
@सीईटीग्रस्त_बाप, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. उत्पन्न आठच्या आत आहे आणि आम्ही ओबीसीत येतो. आज फोन आला तेव्हा अंतिम तारीख विचारली. ‘सरांना विचारून सांगते’ म्हणाली.

पंचकट्टा:
सर आता गड्ड्यानंतर सापडतील.

दगडी_पाटा:
फीचा मुद्दा पटला. बाकी माझं मत कायम.

बे_एरियातला_बे:
उशिरा आलो. पूर्व भागातलं पोरगं, आता कॅलिफोर्नियात. मी एमएस केलं ते सांता क्लारा युनिव्हर्सिटीत, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्येच. जेसुइट लोकांनी १८५१ मध्ये काढलेली संस्था, कॅम्पसच्या मधोमध जुनं मिशन चर्च, आणि गावात इंटेल, एनव्हिडियाची मुख्यालयं. वर्गात निम्मे लोक नोकरीवरून आलेले, गळ्यात कंपनीचं कार्ड. क्रॉस शोधावा लागायचा.

धर्माचा संबंध कुठं आला सांगतो, एथिक्सच्या कोर्सात. मी आपला घाबरून गेलो, आता बायबल पाठ करावं लागणार. पहिल्याच तासाला सरांनी थेरॅक-२५ काढलं. कॅन्सरच्या पेशंटला किरणं देणारं कॅनडाचं मशीन, १९८५ ते १९८७ मध्ये सहा जणांना प्रमाणाबाहेर डोस बसला, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलात चुकीचा झोत अडवणारी हार्डवेअरची कुलपं होती. नव्यात ती काढली, कारण सॉफ्टवेअर बघून घेईल. ऑपरेटर बाई टायपिंगला इतकी सरावली होती की एक्स-रे चुकून टाकलेलं आठ सेकंदांच्या आत इलेक्ट्रॉन करून मोकळी व्हायची, आणि आत मशीनचं चुंबक अजून जुन्याच हुकमावर जुळत असायचं. पडद्यावर काय यायचं, तर ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ ऑपरेटरला धड सांगितलेलाच नव्हता. बाई पुढं चालू करायचं बटन दाबायची, कारण असले मेसेज रोज चाळीसदा यायचे.

सरांनी विचारलं, यात पाप कुणाचं? प्रोग्रॅमरचं, कुलूप काढणाऱ्याचं, की ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून दवाखान्याला उत्तर देणाऱ्या कंपनीचं? अडीच तास भांडण झालं. मी रेस कंडिशन, म्हणजे दोन कामं एकाच वेळी चालताना आधी कोण संपतं यावर निकाल बदलणं, सोलापुरात शिकलो होतो, पाच मार्कांची टीप म्हणून, आणि पुस्तकातल्या दोन थ्रेडपलीकडं तिचा काही उपयोग असतो हे मला तिथं कळलं. आता नोकरीत मी कोणाचा कोड तपासताना एरर मेसेज आधी वाचतो.

हा कोर्स कुठल्याही सरकारी कॉलेजातही घेता येईल. पण ते घेत नाहीत. आपल्याकडं ‘प्रोफेशनल एथिक्स’ म्हणजे आदल्या रात्री वाचायचं पुस्तक. काका, लेकीच्या विद्यापीठात तो मूल्यशिक्षणाचा तास कोण घेतं ते विचारा. इंजिनिअर घेत असेल तर चांगलं.

पूर्वभाग:
@बे_एरियातला_बे, आयडी बघून पाच मिनिटं हसलो. काय करायलास बे तिकडं? कन्ना चौकात ये कधी. अवांतर: काकांना एक गोष्ट, दक्षिणेतल्या त्या विद्यापीठांत आंध्र-तेलंगणाची पोरं भरपूर असतात. आमच्या पद्मशाली घरातली पोरं तिथं पहिल्या दिवसापासून रुळतात, कारण तेलुगू घरची. तुमच्या लेकीला येतं का?

धागादोरा:
कारखान्यात निम्मे कामगार तेलुगू, लहानपणी सुट्टीत माझ्याबरोबर यायची. बोलते बऱ्यापैकी. शिव्याही त्यातच येतात तिला, असा मला संशय आहे.

वसुधा_होटगीरोड:
अवांतराला अवांतर जोडते. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी मिळवणारी पहिली बाई कोण होती माहितीये? सिस्टर मेरी केनेथ केलर, चक्क नन, १९६५, विस्कॉन्सिन. पुढं आयोवातल्या क्लार्क या कॅथलिक कॉलेजात तिनं कॉम्प्युटरचा विभाग उभा केला आणि वीस वर्षं सांभाळला. तिच्या आधी इटलीतले फादर रोबेर्तो बुसा १९४९ मध्ये आयबीएमच्या वॉटसनकडं गेले, संत थॉमस अ‍ॅक्वायनसच्या लिखाणातला शब्द न् शब्द पंचकार्डावर चढवायचा म्हणून. शब्द एक कोटीच्या वर. तीसेक वर्षं चाललं काम.

सातरस्ता:
म्हणजे रेकॉर्ड नोटचा शोध फादरांनीच लावला. @वाडीजंक्शन, कळलं का?

वाडीजंक्शन:
आता कुठं माफ केलं त्यांना.

मधला_मारुती:
प्लेसमेंटचं कुणी बोललंच नाही. माहितीपत्रकात सरासरी पॅकेज जबरदस्त असतं त्यांचं.

सीईटीग्रस्त_बाप:
सरासरी विचारूच नका, मध्यक विचारा, म्हणजे पगार ओळीनं लावल्यावर बरोबर मधला येतो तो. एकाला चाळीस लाख आणि नऊ जणांना चार मिळाले तर सरासरी साडेसात पार होते, आणि नऊ घरांत बाप कपाळ धरून बसतात. पात्र मुलं किती, बसली किती, ऑफर हातात किती, हे तीन आकडे शाखेनिहाय मागा. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एनबीएची मान्यता त्या त्या अभ्यासक्रमाची, तर कॉम्प्युटरला एनबीए आहे का ते बघा. हे वालचंदलाही लागू आणि वांद्र्यालाही.

धागादोरा:
मंडळी, खालचं लेकीनं लिहिलंय, माझ्या आयडीवरून. मी फक्त फोन दिला.

“काका-मावशींनो, नमस्कार. मला ख्रिस्ती-हिंदू काहीच नव्हतं. मला त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम आवडला होता. आमच्या इथं आता सगळीकडं एआय-एमएलच्या शाखा निघाल्यात. मला मशीनच्या आत काय चालतं ते शिकायचंय, मायक्रोप्रोसेसर, एम्बेडेड म्हणजे यंत्रातच बसवलेले छोटे कॉम्प्युटर. बाबांच्या कारखान्यात लूमवर जे कंट्रोल पॅनल आहे, ते बिघडलं की बाहेरून माणूस येईपर्यंत मशीन बंद. तो माणूस येतो, एक कार्ड बदलतो आणि पैसे घेऊन जातो. तिथं तिसऱ्या वर्षात एम्बेडेडची वेगळी लॅब दिसली, म्हणून फॉर्म भरला. शिवाय मला सोलापूरच्या बाहेर राहायचंय, हे खरं आहे. आजीला मी सांगितलंय की क्रॉस घातला तर आधी तिला दाखवीन. ती चिडली आहे.”

पंचकट्टा:
पोरगी हुशार आहे. आता आम्ही कशाला?

बे_एरियातला_बे:
बाळा, एम्बेडेडच हवं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमही बघ. कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा खाली असतो, मायक्रोकंट्रोलर त्यात जास्त शिकवतात, आणि कोडिंग तू बाजूला करशीलच. मुंबईतल्या त्या कॉलेजांत ईएक्सटीसी मिळायची शक्यता वाढेल. बाहेर राहायचंही होईल.

सदर_बझार:
+१. आणि वांद्र्याला गेलीस तर माउंट मेरीच्या जत्रेत आजीला घेऊन जा. सप्टेंबरात असते, निम्मी गर्दी हिंदूंचीच. आजी क्रॉस विसरून मेणबत्त्यांचा भाव करतील.

दगडी_पाटा:
शाखा बदलायचा सल्ला चांगला आहे. पण वालचंदलाही इलेक्ट्रॉनिक्स आहे, हे यादीत राहू द्या.

धागादोरा:
ठरलं असं: विद्यापीठाकडून अंतिम तारीख लेखी आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. कॅपचा फॉर्म भरतोय, त्यात कॉम्प्युटर आणि ईएक्सटीसी, मुंबई आधी, मग पुणे, मग वालचंद. आमच्या घरची मंडळी मुंबईच्या हॉस्टेलचे दर विचारतायत. कागदपत्रांत नॉन-क्रिमिलेयर जुनं आहे, ते चालेल का?

सीईटीग्रस्त_बाप:
नाही. पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत मुदत असलेलं लागतं. नाही तर प्रवेश खुल्यातून धरतील आणि फीमाफी अडकेल. सोमवारी सकाळीच सेतू केंद्र गाठा, निकालानंतर तिथं रांग रस्त्यावर येते. तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले आणि जातीच्या दाखल्याची मूळ प्रत बरोबर घ्या. आणि जात पडताळणी झालीय ना?

धागादोरा:
पडताळणी अकरावीतच करून घेतली होती.

सीईटीग्रस्त_बाप:
मग निम्मं काम झालं. पोचपावती जपून ठेवा.